राज्य बापावर



संयोजकांनी पत्रात विषय लिहिला होता, 'मुलांचं मानसिक आरोग्य'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला एक संध्याकाळ पुरत नाही, आणि बोललं तरी घरी जाताना हातात काही राहत नाही. म्हणून त्यातला एकच तुकडा घेऊन आलो आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास, आईनं किंवा बापानं आपल्या एका लेकराबरोबर त्याच्या मर्जीनं खेळायचं. पन्नास-साठ वर्षं जगात यावर अभ्यास झाला आहे, त्याची शिकवण्याची पद्धत बसली आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावात ती चालेल का, आणि चालायची तर कशी, याचा आज विचार करू.

समुपदेशकाकडे पालक येतात तेव्हा तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. लेकरू ऐकत नाही. मोबाईल सोडत नाही. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं. धाकट्याला चिमटे घेतं. सात वर्षांचं झालं तरी अंथरूण ओलं करतं. एवढं सांगून झालं की बाप लेकराला खुर्चीवर बसवतो, म्हणतो, "आता तुम्हीच समजावा," आणि बाहेर जाऊन बसतो. गाडी गॅरेजला लावून चहाला जावं तसं. यात त्याचा दोष नाही. ही रीत आम्ही जाणकार म्हणवणाऱ्यांनीच पाडली.

लहान मुलाच्या मनावर उपचार झाल्याची जी पहिली सविस्तर नोंद आहे, त्यात मात्र उलटं घडलं होतं. व्हिएन्नातल्या पाच वर्षांच्या एका मुलाला घोड्याची दहशत बसली. घोडा चावेल म्हणून तो रस्त्यावर पाऊल टाकेना. मानसतज्ज्ञ फ्रॉइडनं १९०९ मध्ये त्याची हकीकत छापली, तेव्हापासून तो मुलगा 'छोटा हान्स' म्हणून ओळखला जातो. त्या उपचाराच्या काळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटला. बाकी सगळं बापानं केलं. पोराशी बोलायचा, लिहून ठेवायचा, फ्रॉइडला दाखवायचा. फ्रॉइडनं काढलेले निष्कर्ष आज अनेकांना पटत नाहीत, मलाही पटत नाहीत. पण उपचार करणारा हात बापाचा होता, ही गोष्ट तेव्हा कोणी उचलून धरली नाही. पुढच्या पिढीतल्या तज्ज्ञांनी मुलांना खेळू देत देत उपचार करायचं शास्त्र उभं केलं, आणि पालकांसाठी दाराबाहेर बाक टाकला.

त्या शास्त्रातलं मोठं नाव व्हर्जिनिया ॲक्सलाइन. १९४७ च्या पुस्तकात तिनं जी तत्त्वं मांडली, त्यांचा गाभा असा की खोलीत वाट लेकरू दाखवेल आणि मोठं माणूस मागं चालेल. लेकराला घाई करायची नाही, शिकवायचं नाही, शाबासकी देऊन वळवायचंही नाही. ते जे करतं आहे आणि त्याला जे वाटतं आहे, ते ओळखून त्याला परत सांगायचं.

हे आईबापांना जमेल का? १९५७ मध्ये नॅटली फुक्स नावाच्या एका आईनं आपला अनुभव छापला. तिची लहान मुलगी शौचाला बसायला भ्यायची. नॅटलीनं घरीच तिच्याबरोबर खेळाच्या ठरावीक वेळा ठेवल्या, आणि मार्गदर्शन पत्रानं घेतलं. पत्रं लिहिणारा तिचा बाप होता कार्ल रॉजर्स, त्या काळातला अमेरिकेतला नामांकित मानसतज्ज्ञ. असा बाप सगळ्यांच्या नशिबी नसतो. पण सात वर्षांनी, १९६४ मध्ये, न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या बर्नार्ड गर्नी यांनी साध्या आयांचे गट करून त्यांना हेच शिकवायची पद्धत मांडली. त्यांच्या पत्नी लुईस गर्नी या कामात बरोबरीनं होत्या. हिशेब सरळ होता. तज्ज्ञ थोडे, लेकरं फार. आणि तज्ज्ञाशी जुळलेलं नातं उपचार संपला की संपतं, आईचं संपत नाही. मग ज्या नात्यात गाठ बसली आहे तिथंच ती सोडवायला का शिकवू नये? पुढं टेक्सासमध्ये गॅरी लँड्रेथ यांनी हे शिक्षण दहा बैठकांत बसवलं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

एक खोकं घ्यायचं. त्यातल्या वस्तू फक्त या अर्ध्या तासापुरत्या. परदेशी पुस्तकांत याद्या असतात, बाहुल्यांचं कुटुंब, भांडी, डॉक्टरची पेटी, प्राणी, माती, रंग, खोटा फोन. आपल्याकडं यातलं काय मिळत नाही? पोळ्याला केलेले मातीचे बैल आहेत, भातुकली आहे, चिंध्यांची बाहुली आहे, गजगे आहेत. बंद पडलेला फोन तर घरोघरी आहे. राग काढायला भुसा भरलेली एक उशी ठेवावी. चावीवर चालणारं, दिवे लागणारं काही नको, कारण तिथं खेळणं खेळतं आणि लेकरू नुसतं बघतं.

वेळ ठरलेली हवी. ओसरीचा एक कोपरा चालेल. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. दुसरं लेकरू मध्ये येणार नाही अशी सोय आजीनं करायची, आणि त्या दुसऱ्या लेकरालाही त्याचा वेगळा वार द्यायचा. सुरुवातीला एवढंच म्हणायचं, "हा अर्धा तास तुझा. तुला पाहिजे ते खेळ." संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं, वेळ झाली की उठायचं. लेकरू रडलं तरी उठायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच वेळी बसायचं.

सोपं वाटतं. करून बघा. पहिल्या दोन मिनिटांत आपल्या तोंडून प्रश्न सुटतो. "हा कोणता रंग आहे?" "गाय कशी ओरडते?" "मोज बरं किती बैल झाले!" आपल्याकडं मोठ्या माणसाला लेकराशी बोलायचे दोनच प्रकार येतात, एक हुकूम आणि दुसरा तोंडी परीक्षा. पाहुणा आला की आपण लेकराला मधोमध उभं करून कविता म्हणायला लावतो. त्याला माया म्हणतो. माया असतेच, पण लेकराच्या बाजूनं ती परीक्षाच असते. इंग्रजी शाळांच्या गाड्या वाडी-वस्तीपर्यंत यायला लागल्यापासून तर ही परीक्षा दोन भाषांत होते.

समजा, पाच वर्षांचा पोरगा बैल मांडून बसला आहे. एका बैलाला त्यानं मातीचं तिसरं शिंग लावलं. बाप शेतकरी आहे, त्याच्या जिभेवर लगेच येणार, "अरे येड्या, बैलाला तीन शिंगं असतात का?" त्यानं ते गिळायचं आणि दिसतं आहे तेवढंच बोलायचं, "ह्या बैलाला तीन शिंगं आहेत." पोरगा मान वर करून बापाकडं बघतो. हा माणूस आज असा का बोलतोय? मग तो बैल आडवा पाडतो. "मेला." बापाला म्हणावंसं वाटतं, असं अशुभ बोलू नये. तेही गिळायचं. "मेला तो." पोरगा त्याच्यावर फडकं टाकतो, थोड्या वेळानं काढतो, बैलाला उभं करतो आणि म्हणतो, "मेला नव्हता. बाजारात नेला होता." आता बापाच्या ध्यानात येतं. मागच्या साली खर्च भागवायला दावणीचे बैल विकले, तेव्हा या पोराला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला, त्याला काय कळतंय, असं सगळ्यांना वाटलं होतं. बापानं इथं उपदेश करायचा नाही, माफीही मागायची नाही. "बैल कुठं गेला ते कळलं नव्हतं," एवढं म्हणायचं आणि पोरगा पुढं काय करतो ते बघायचं. बहुतेक वेळा तो बैल परत दावणीला बांधतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विकतो. असं चार-पाच आठवडे चालेल. चालू द्यावं.

काही जण म्हणतील, याला मोकाट सोडणं म्हणतात. नाही. या अर्ध्या तासाला कुंपण आहे, फक्त तारा कमी आणि पक्क्या. अंगावर मारायचं नाही, मोडतोड करायची नाही, मध्येच निघून गेलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. पोरीनं चिखलाचा गोळा बापाच्या सदऱ्यावर उगारला तर हात धरून म्हणायचं, "माझा राग आलाय तुला. पण माझ्या अंगावर चिखल टाकायचा नाही. त्या भिंतीवर टाक." आधी तिच्या मनातलं, मग मर्यादा, मग वाट. आपण मधलं तेवढं बोलतो, तेही ओरडून. पोरगी भिंतीवर गोळा मारते तेव्हा तिला दोन गोष्टी कळतात. राग आला म्हणून आपण वाईट ठरलो नाही, आणि बाप हलला नाही.

पुरावा काय, असं विचारणारे शिक्षक इथं असतील, असायलाच हवेत. २००५ मध्ये स्यू ब्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळोपचाराचे ९३ अभ्यास एकत्र मांडले. परिणाम मोजायची एक मान्य पट्टी आहे, तिच्यावर ०.८० च्या वर गेलं की परिणाम मोठा मानतात. तज्ज्ञांनी केलेल्या उपचारांचा आकडा आला ०.७२, आणि शिकवून तयार केलेल्या पालकांचा १.१५. मात्र हे आकडे डोक्यावर घेऊन नाचायचे नाहीत. त्यातले बरेच अभ्यास लहान होते, आणि स्वतः मेहनत घेतलेला पालक फरक पडला असं सांगायला उत्सुकच असतो. तरी एवढं म्हणता येतं की पालक हे काम शिकू शकतात, आणि ते तज्ज्ञांपेक्षा कमी पडतात असं दिसत नाही.

दुसरा पुरावा जमैकाचा. तो उपचाराचा नाही, वाढीचा आहे, पण आपल्या गरिबीच्या जास्त जवळचा आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली, वय ९ ते २४ महिने. त्यातल्या काही घरांत दोन वर्षं, दर आठवड्याला एक तास, एक आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी ती बाळं कमावती झाली तेव्हा खेळाच्या गटातल्यांची कमाई, तशाच पण खेळ न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. तिथं मेहनत आईवर घेतली होती, हे विसरू नका.

आपल्याकडं खेळाचं महत्त्व सांगणारी माणसं झाली नाहीत असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या. पाड्यावरची लेकरं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. लेकराच्या मागं जायचं म्हणजे काय, हे त्या दोघींनी कोणतीही परदेशी बैठक न करता दाखवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. त्यानं पोषण आलं, लसीकरण आलं, थोडा खेळही आला. पण अंगणातून खोलीत गेल्यावर आई दाराबाहेर राहिली. खाऊचा डबा घेऊन ती येते आणि परत जाते. अलीकडं सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं युनिसेफ आणि महिला-बालविकास विभागाबरोबर 'आरंभ' नावाचं काम केलं. त्यातल्या पालक मेळाव्यांत आईबरोबर बापाला आणि आजी-आजोबांनाही लेकरासोबत खेळायला बसवतात. मेळाव्यात बाप जमिनीवर बसला की बाकीचे बाप हसतात. ते हसणं थांबेपर्यंत मेळावे घेतले पाहिजेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मानव विकासाचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना गावोगावी पालकांचे गट चालवायला लावावं, अशी माझी जाहीर मागणी आहे.

आता एक आक्षेप. "आमच्या आयांना कुठं वेळ होता खेळायला? आम्ही वाढलोच ना!" वाढलात. पण काय होतं तेही बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहात तुमच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे, गावातल्या किती पोरांना ते माहीत आहे? पहाटे जातं फिरायचं तेव्हा लेकरू मांडीला डोकं लावून पडलेलं असायचं, आणि ओवीत त्याचं नाव यायचं. कामाच्या आतच लेकराची जागा होती. पिठाची गिरणी आली, बाईचे हाल वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण त्या पहाटेच्या बदल्यात लेकराला दुसरी कोणती वेळ मिळाली? जुनं परत आणा असं मी म्हणत नाही. आठवड्यातला अर्धा तास मागतो आहे.

आता या भागाचं जे खास दुखणं आहे त्याकडं येतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः गंगाखेड, सोनपेठ, पालमच्या पट्ट्यातून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच खर्च झालेली असते, मुकादमाची गाडी दारात आली की जावंच लागतं. काही लेकरं फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ. पाच-सहा महिन्यांनी माय परत येते, पोतं खाली टाकते, लेकराला घ्यायला हात पुढं करते, आणि लेकरू आजीच्या पदराआड जातं. मायच्या काळजाचं पाणी होतं. शेजारीण म्हणते, "विसरलं गं तुला."

विसरलेलं नसतं. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं आणि १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट काढला. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर त्यांनी जे मांडलं ते असं. आई गेल्यावर लेकरू आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग अलिप्त होतं. त्या तिसऱ्या पायरीवर ते शहाण्यासारखं वागायला लागतं, परिचारिका म्हणतात आता रमलं. आई भेटायला आली की मात्र तोंड फिरवतं. तोंड फिरवणं ही नात्याची खूण आहे. ज्याच्याशी नातं नाही त्याच्यावर कोण रुसतं?

त्यातून वाट कशी निघते याचं चित्रही फ्रॉइडच्याच घरात आहे. १९२० च्या एका पुस्तकात तो आपल्या दीड वर्षांच्या नातवाबद्दल लिहितो. आई बाहेर गेली की हा रडायचा नाही. दोरी बांधलेलं लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकायचा, ते दिसेनासं झालं की एक आवाज काढायचा, मग दोरी ओढून परत आणायचा आणि हसायचा. जाणं आणि येणं आईच्या हातात होतं, त्याच्या हातात नव्हतं. रिळाचं जाणं-येणं मात्र त्याच्या हातात. आपल्या वसतिगृहांत, आजीच्या ओसरीवर, लेकरं काडेपेटीची गाडी करून तीत खडे भरतात आणि गाडी अंगणाच्या टोकाला नेऊन रिकामी परत आणतात. आपण म्हणतो, काय टाइमपास चाललाय.

म्हणून माय परत आल्यावर पहिल्या दिवशी ओढून मांडीवर घेऊ नये, नवा फ्रॉक, खाऊ यांची घाईही करू नये. खोकं काढून जवळ बसावं. लेकरू पाठ करून खेळलं तर पाठीशी बसून बोलावं, "गाडी लांब गेली." लेकरू मायलाच खडा समजून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवेल आणि "तू इथंच थांब" म्हणेल. थांबावं. इतके महिने ते थांबलं होतं. आज राज्य मायवर आहे.

याच्या मर्यादा सांगून टाकतो. घरात रोज दारू पिऊन मारहाण होत असेल तर खोक्यातल्या बैलांनी ती थांबणार नाही, तिथं आधी मार थांबवावा लागतो. लेकरावर अत्याचार होत असेल तर १०९८ ला फोन करा, वाट बघू नका. बोलणं, चालणं उशिरा येत असेल तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. आणि खचलेल्या बापाला, कर्जानं झोप उडालेल्या बापाला, "लेकराबरोबर खेळ" असं सांगणं क्रूरपणाचं होईल. त्याला आधी स्वतःसाठी कोणीतरी ऐकणारं लागतं. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर त्यासाठी आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटी, यंदा तोडीला जाणार असलेल्या घरांसाठी. निघायच्या आधी तीन-चार आठवडे खोकं सुरू करा. आजीला शेजारी बसवून दाखवा, म्हणजे मागं ती चालवेल. तिला पद्धत सांगायची गरज नाही, फक्त "मधे बोलू नको आणि शिकवू नको" एवढं सांगा, आणि हे तिला जड जाईल. जायचा दिवस लेकरापासून लपवू नका. झोपेत असताना मागं सोडलेली लेकरं पुढं झोपायलाच घाबरू शकतात. फोन ठरलेल्या वारी करा आणि जेवलास का, अभ्यास केलास का, हे विचारून झाल्यावर एक प्रश्न खोक्याबद्दल विचारा. गाडी आज कुठं गेली होती, एवढाच. आणि माय-बाप परत येईपर्यंत खोक्यातलं काही फेकू नका, मोडकं असलं तरी.

आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माय-बहिणींनी आधी विचारलं तर बरं होईल, नाहीतर पुरुष मंडळींतच वेळ जातो.